लढाया हरूनही युद्ध कसं जिंकलं: अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध रसदीच्या बाजूने

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वॉशिंग्टन बहुतेक मोठ्या लढाया हरला. ब्रिटनकडे जगातलं सर्वांत बलाढ्य आरमार, कसलेली फौज आणि पैसा. तरी तेरा वसाहतींतले शेतकरी-व्यापारी जिंकले कसे? आपल्या गनिमी काव्यासारखं काही होतं, की फ्रान्सनेच युद्ध जिंकून दिलं?"

मी लष्करात रसद खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर तरुण अधिकाऱ्यांना लष्करी इतिहास शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर थोडं एकांगी वाटेल, हे आधीच सांगून टाकतो. नकाशा समोर आला की तोफखान्यातला माणूस टेकड्या बघतो आणि आमच्यासारखे लोक रस्ते, पाणी आणि चारा बघतात. हे युद्ध मात्र या नजरेतून जितकं उलगडतं तितकं दुसऱ्या कुठल्याच नजरेतून उलगडत नाही, असं माझं मत आहे.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. दोन्ही बाजूंना "जिंकणं" म्हणजे वेगवेगळी गोष्ट हवी होती. ब्रिटिशांना तिथे पुन्हा राज्य चालवायचं होतं. म्हणजे कर वसूल व्हायला हवा, न्यायाधीश कचेरीत बसायला हवा, गव्हर्नरचा हुकूम खेडेगावातही पाळला जायला हवा. वॉशिंग्टनला एवढंच साधायचं होतं की आपली फौज मोडता कामा नये. त्यामुळे लढाया कोणी किती जिंकल्या याची मोजदाद करून फारसं काही कळत नाही. ब्रिटिश जिंकत होते, पण जिंकलेला मुलूख त्यांना पोसत का नव्हता, हे बघायला हवं.

ब्रिटिश फौज जेवत काय होती, इथून सुरुवात करतो. खारवलेलं गोमांस आणि डुकराचं मांस, पीठ, वाटाणे, लोणी, रम. यातला मोठा भाग आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातून जहाजांवर चढायचा आणि अटलांटिक ओलांडून यायचा. वारा अनुकूल नसेल तर प्रवासाला दोन-तीन महिने सहज लागत. पिठात किडे, पिंपं फुटलेली, एखादं जहाज खासगी लुटारू जहाजांनी पळवलेलं. लंडनमध्ये सुरुवातीला सगळ्यांची समजूत अशी की हे काही महिन्यांचं काम आहे, पुढे फौज तिथल्याच शेतांवर जगेल. तो हिशेब कधीच जुळला नाही. माणसाचं धान्य एक वेळ समुद्रापार आणता येतं, घोड्याच्या वैरणीचं काय करणार? एका घोड्याला दिवसाला दहा-बारा किलो चारा-दाणा लागतो, आणि गवत वजनाला हलकं असलं तरी जहाजात जागा भरपूर खातं. वैरण तिथल्या तिथेच मिळवावी लागते, आणि ती मिळवायला छावणीबाहेर पडावंच लागतं.

त्याचा अर्थ काय होतो, ते 1777 च्या हिवाळ्यात न्यू जर्सीमध्ये दिसतं. 26 डिसेंबर 1776 च्या पहाटे वॉशिंग्टनने बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर छापा घातला आणि सुमारे नऊशे भाडोत्री जर्मन शिपाई पकडले. हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. मी शिकवताना त्याच्या पुढच्या तीन-चार महिन्यांवर जास्त वेळ घालवतो. ट्रेंटन आणि प्रिन्स्टननंतर ब्रिटिश मागे सरकून रॅरिटन नदीकाठी न्यू ब्रन्सविक आणि पर्थ अँबॉय इथे दाटीवाटीने राहिले. गवत आणायला पथक निघालं की आसपासचे स्थानिक शिबंदीवाले, ज्यांना तिकडे मिलिशिया म्हणत, कुंपणांआडून आणि झाडीतून गोळीबार करत. मग पथकाबरोबर संरक्षणाला शेकडो शिपाई, कधी तोफाही द्याव्या लागत. काही गाड्या गवतासाठी अख्खी पलटण दमायची, रोज पाच-दहा माणसं गमवायची. यातल्या एकाही चकमकीला शाळेच्या पुस्तकात जागा नाही. पण वसंत ऋतू येईपर्यंत ब्रिटिशांनी न्यू जर्सीचा मोठा भाग जवळजवळ सोडून दिला होता.

तुमच्या गनिमी काव्याच्या शंकेचं अर्धं उत्तर इथे आहे. मिलिशिया उघड्या मैदानात फारशी टिकत नसे. 1780 मध्ये कॅम्डनला तर ती संगिनी बघताच पळाली. तिचं खरं काम गावात होतं. प्रत्येक तालुक्याएवढ्या भागात समित्या होत्या. त्या शपथा घ्यायला लावत, राजनिष्ठांची, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिलेल्यांची, शस्त्रं काढून घेत, पुढे त्यांच्या जमिनी जप्त होऊ लागल्या. ब्रिटिशांना कणीस विकलंत तर शेजाऱ्याला कळणार, आणि ब्रिटिश पलटण चार दिवसांनी निघून गेली तरी शेजारी तिथेच राहणार. हे सगळं फार उदात्त नव्हतं. दक्षिणेत तर शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर जाळण्यापर्यंत मजल गेली. 1780 च्या किंग्ज माउंटनच्या लढाईत दोन्हीकडून लढणारे जवळपास सगळेच अमेरिकन होते. पण सरकार कोणाचं, हा प्रश्न गावपातळीवर असाच सुटतो. गव्हर्नरचा कारभार ब्रिटिशांना पुन्हा बसवता आला तो एकट्या जॉर्जियात, 1779 मध्ये, आणि तोही पुढे सव्हाना शहराच्या आसपास आकसला.

आता दुसरी बाजू. नुसत्या मिलिशियावर भागलं असतं तर वॉशिंग्टनने नियमित फौज उभी करायचा आटापिटा केलाच नसता. फौज डोळ्यांसमोर उभी होती म्हणून ब्रिटिशांना एकत्र राहावं लागलं. त्यांनी ठाण्याठाण्यांत विखुरून गावं ताब्यात घ्यायला सुरुवात केली असती, तर मिलिशियाचा टिकाव लागला नसता. आणि ते विखुरले की नियमित फौज एकेक ठाणं उचलणार, ट्रेंटनसारखं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आधारावर उभ्या होत्या.

ही फौज मोडण्याच्या बेतात किती वेळा आली याला गणती नाही. ऑगस्ट 1775 मध्ये अमेरिकनांनी बोस्टनमधल्या ब्रिटिशांना वेढा घातला होता. तिथे वॉशिंग्टनने बंदुकीच्या दारूचा साठा मोजायला लावला, तेव्हा माणशी नऊच बार निघतील एवढी दारू शिल्लक असल्याचं कळलं. बातमी बाहेर फुटली असती तर वेढा तिथेच संपला असता. पहिल्या अडीच वर्षांत वापरलेल्या दारूपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास एकतर तयार दारू म्हणून किंवा ती बनवायला लागणाऱ्या सोऱ्याच्या रूपात परदेशातून आली. सोऱ्याबाबत ब्रिटिशांना ही चिंता नव्हती. बिहारमधला सोरा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत होता. फ्रान्सने 1778 च्या आधीच चोरून मदत सुरू केली होती. बोमार्शे नावाच्या नाटककाराने एक खोटी व्यापारी पेढी काढली आणि फ्रेंच सरकारी कोठारांतल्या बंदुका, तोफा, दारू जहाजांवर चढवली. या मालाशिवाय सॅराटोगाचा 1777 चा विजय मिळाला असता, असं मला वाटत नाही.

वॉशिंग्टनच्या फौजेची व्हॅली फोर्जची छावणी मात्र सविस्तर सांगितलीच पाहिजे, कारण तिथली कथा नेहमी अर्धवट सांगितली जाते. 1777-78 चा हिवाळा, फिलाडेल्फियापासून सुमारे वीस मैलांवर अकरा-बारा हजारांची फौज, आणि जूनपर्यंत त्यातले सुमारे दोन हजार मेले. बहुतेक विषमज्वर, हगवण अशा रोगांनी गेले. ऐकणाऱ्याला वाटतं दुष्काळ असेल. दुष्काळ नव्हता. पेनसिल्व्हेनिया हा समृद्ध धान्याचा प्रांत. पण वाहतुकीच्या गाड्या नव्हत्या, रस्ते चिखलाने बंद होते, आणि काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या मध्यवर्ती सभेने, आदल्या उन्हाळ्यात रसद खात्याचे नियम इतके किचकट करून ठेवले होते की जाणती माणसं राजीनामा देऊन गेली होती. वाहतूक आणि छावणीची व्यवस्था बघणाऱ्या क्वार्टरमास्टर जनरलची जागा तर कित्येक महिने नावापुरतीच होती. त्यातून काँग्रेसच्या कागदी नोटा रोज घसरत होत्या, आणि फिलाडेल्फियातला ब्रिटिश खरेदीदार सोन्या-चांदीत पैसे मोजत होता. शेतकऱ्याने माल कुठे न्यायचा? मी स्वतः ठेकेदारांशी दरांवरून हुज्जत घालत नोकरी केली आहे. देशप्रेमावर आठवडाभर माल मिळतो, त्यानंतर बिल वेळेवर चुकतं करावंच लागतं.

मार्च 1778 मध्ये वॉशिंग्टनने आपल्या सर्वांत चांगल्या सेनापतींपैकी एकाला, नॅथॅनिएल ग्रीनला, क्वार्टरमास्टर व्हायला लावलं. त्याला ते अजिबात नको होतं. इतिहासात क्वार्टरमास्टरचं नाव कधी कोणी ऐकलंय का, अशा अर्थाची तक्रार त्याने वॉशिंग्टनकडेच लिहून केली, आणि आमच्या खात्यातल्या माणसाला ती वाचून त्याचा हात हातात घ्यावासा वाटतो. त्याला आणि त्याच्या साहाय्यकांना खर्चावर टक्केवारी मिळायची, त्यावरून कुजबुजही झाली. पण गाड्या आल्या, वाटेवर कोठारं उभी राहिली, आणि जूनमध्ये फौज हलली तेव्हा पुढच्या मुक्कामावर सामान तयार होतं. त्याच हिवाळ्यात फॉन श्टॉयबेन या जर्मन अधिकाऱ्याने कवायत बसवली, ती सगळ्यांना माहीत असते. त्याआधी, 1777 च्या सुरुवातीला, वॉशिंग्टनने फौजेला देवी टोचून घ्यायला लावल्या होत्या. जेन्नरची लस यायला अजून वीस वर्षं होती, म्हणजे खऱ्या देवीचाच पू टोचायचा. जोखीम मोठी होती, पण देवीची साथ फौजेतून जवळपास गेली.

सॅराटोगाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथेही गोष्ट तीच आहे. 1777 मध्ये ब्रिटिश सेनापती बर्गॉइन कॅनडातून हडसन खोऱ्यात उतरला. जुलैच्या सुरुवातीला टिकॉन्डेरोगाचा किल्ला जवळजवळ फुकटात पडला. मग जंगलातल्या वीस-बावीस मैलांच्या वाटेला त्याला तीन आठवडे लागले, कारण समोरच्यांनी झाडं आडवी पाडली, ओढे तुंबवले आणि गुरंढोरं हाकून नेली. घोडे आणि धान्य मिळवायला त्याने बेनिंग्टनकडे तुकडी पाठवली, तिथे नऊशेच्या आसपास माणसं गमावली. अमेरिकेतला ब्रिटिशांचा मुख्य सेनापती हाउ त्याच्या मदतीला येण्याऐवजी समुद्रमार्गाने फिलाडेल्फियाला गेला होता. दोघांच्या योजनांना लंडनमधून मंजुरी होती, आणि लंडनचं पत्र यायला महिना-दोन महिने. 17 ऑक्टोबरला बर्गॉइनने सुमारे पावणेसहा हजार माणसांसह शस्त्रं खाली ठेवली. फेब्रुवारी 1778 मध्ये फ्रान्सने उघड तह केला, पुढच्या वर्षी स्पेन युद्धात उतरला. ब्रिटनला आता वेस्ट इंडीज, जिब्राल्टर, इंग्लिश खाडी आणि हिंदुस्थान, सगळीकडेच जहाजं लागत होती.

हिंदुस्थानचं नाव आलंच आहे तर एक खरा धागा सांगतो. 1777 मध्ये सें ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला, नाना फडणवीसांनी त्याला ठेवून घेतलं, आणि मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली. जानेवारी 1779 मध्ये मुंबईची फौज घाट चढून तळेगावपर्यंत आली. पुढचा मुलूख मराठ्यांनी उजाड करून ठेवला होता. बैलांच्या प्रचंड तांड्यामुळे फौज रोज मैल-दोन मैलच सरकत होती. तळेगावात मोठ्या तोफा तळ्यात टाकून, सामान जाळून इंग्रज मागे फिरले आणि वडगावला त्यांना करार करावा लागला. बर्गॉइनच्या शरणागतीनंतर सव्वा वर्षाने, अर्ध्या जगापलीकडे, कारण तेच. पण महादजी शिंदे किंवा नाना यांच्याकडून अमेरिकेने काही घेतलं, किंवा उलट, असं म्हणायला कसलाही आधार नाही. एकाच साम्राज्याला एकाच दशकात दोन ठिकाणी एकाच जागी ठेच लागली, इतकंच.

शेवटचा अंक दक्षिणेतला. मे 1780 मध्ये चार्ल्सटन बंदर ब्रिटिशांच्या हाती पडलं, ऑगस्टमध्ये कॅम्डनला अमेरिकन फौजेची धूळधाण झाली. मग तिकडची सूत्रं ग्रीनकडे आली, आणि माजी क्वार्टरमास्टरने पहिलं काम कुठलं केलं असेल? नद्या मोजायला माणसं पाठवली. उतार कुठे आहेत, पूर किती येतो, होड्या किती आणि कुणाच्या. जानेवारी 1781 मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस त्याच्या मागे लागला. वेग यावा म्हणून रॅम्सोर्स मिल इथे त्याने आपल्याच सामानाच्या गाड्यांची होळी केली, रमची पिंपंसुद्धा फोडली. दारूगोळा, मीठ, औषधं आणि जखमींसाठी थोड्या गाड्या एवढंच ठेवलं. ग्रीन एकेक नदी ओलांडत गेला आणि होड्या पलीकडे घेऊन गेला. 14 फेब्रुवारीला तो डॅन नदीपार व्हर्जिनियात होता, आणि कॉर्नवॉलिस अलीकडच्या काठावर, हिवाळ्यात, तंबू आणि भाकरीशिवाय. महिन्याभराने गिल्फर्ड कोर्टहाउसला कॉर्नवॉलिस लढाई जिंकला, पण त्याच्या सुमारे एकोणीसशे माणसांतली पाचशेहून जास्त पडली किंवा जखमी झाली. खायला काही नव्हतं म्हणून जिंकलेलं मैदान सोडून तो समुद्रकिनाऱ्याकडे, विल्मिंग्टनला गेला. ग्रीन पुढेही हरत राहिला, पण त्या वर्षाच्या अखेरीस दक्षिणेत ब्रिटिशांकडे बंदरांपलीकडे फारसं काही उरलं नव्हतं.

हाच कॉर्नवॉलिस दहा वर्षांनी गव्हर्नर जनरल म्हणून टिपूवर चालून गेला. मे 1791 मध्ये श्रीरंगपट्टणजवळ त्याचे बैल मेले आणि वेढ्याच्या तोफा फोडून त्याला परत फिरावं लागलं. उपाशी फौजेला वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी लष्कराचा बाजार भेटला. दर चढे होते, पण धान्य होतं.

यॉर्कटाउनला काय झालं ते आता सोपं आहे. कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात चेसापीक खाडीकाठी जाऊन बसला, आरमार पाठीशी राहील या भरवशावर. फ्रेंच ॲडमिरल द ग्रासचं पत्र ऑगस्टच्या मध्याला आलं: मी चेसापीकला येतोय, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच थांबू शकेन. वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो तेव्हा न्यूयॉर्कजवळ, साडेचारशे मैलांवर. न्यूयॉर्कवरच हल्ला होणार असं ब्रिटिशांना वाटत राहावं म्हणून न्यू जर्सीत चॅटमला पाव भाजायच्या मोठ्या भट्ट्या बांधायला घेतल्या. ब्रिटिश हेरांनाही ठाऊक होतं की भट्टी असते तिथे फौज मुक्काम करते. वाटेत अमेरिकन शिपाई पगारासाठी अडून बसले. कित्येकांना नाणं बघून वर्षं लोटली होती. रोशाँबोकडून वीस हजार चांदीचे डॉलर उसने घेऊन महिन्याचा पगार वाटला, तेव्हा फौज पुढे हलली. द ग्रास येताना हवानातून उभी केलेली मोठी रोकड घेऊन आला होता.

5 सप्टेंबर 1781 ला खाडीच्या तोंडाशी द ग्रासच्या चोवीस आणि ब्रिटिशांच्या एकोणीस युद्धनौकांची लढत झाली. एकही जहाज जागेवर बुडालं नाही, पण ब्रिटिश न्यूयॉर्कला परतले आणि तेवढ्यात दुसऱ्या फ्रेंच तुकडीने वेढ्याच्या तोफा आणि खारं मांस आत पोचवलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ब्रिटिशांची मोठी फौज अशा जागी अडकली जिथे पाण्याची वाट दुसऱ्याच्या ताब्यात होती. कॉर्नवॉलिसने वैरण संपली म्हणून शेकडो घोडे मारून नदीत टाकले. स्वातंत्र्याच्या वचनावर त्याच्याकडे आलेल्या, देवीने आजारी गुलामांना त्याने छावणीबाहेर काढलं. 19 ऑक्टोबरला शरणागती झाली, आणि कुमक घेऊन निघालेल्या आरमाराने न्यूयॉर्क सोडलं तेही त्याच दिवशी.

म्हणून "फ्रान्सने जिंकून दिलं का" याला माझं उत्तर: यॉर्कटाउन फ्रान्सशिवाय अशक्य होतं, ग्रीनच्या फौजेने कॉर्नवॉलिसला तिकडे ढकलल्याशिवायही अशक्य होतं. फ्रान्स आलाच नसता तर अमेरिका हरली असती का, यावर माझ्याच वर्गात दर वर्षी वाद होतो. मला वाटतं युद्ध कितीतरी वर्षं रेंगाळलं असतं आणि काँग्रेसच्या नोटांनी आधी दम तोडला असता. 1780 मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरना एक चांदीचा डॉलर असा दर मान्य केला होता.

एक उपप्रश्न राहतो: न्यूयॉर्क, चार्ल्सटन, सव्हाना हातात असताना ब्रिटनने सोडून का दिलं? एप्रिल 1782 मध्ये तर त्यांनी वेस्ट इंडीजमध्ये खुद्द द ग्रासला पकडलं. सोडलं ते लंडनमध्ये. राष्ट्रीय कर्ज या युद्धात जवळजवळ दुप्पट झालं, फेब्रुवारी 1782 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने चढाईचं युद्ध थांबवायचा ठराव केला, मार्चमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचं सरकार गेलं. नव्या मंत्र्यांनी हिशेब मांडला की अमेरिकेला फ्रान्सपासून तोडायचं असेल तर तिला उदारपणे द्यावं. म्हणून 1783 च्या पॅरिस तहात मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख नव्या राष्ट्राला मिळाला. त्या मुलखात राहणाऱ्या आणि ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या मूळ रहिवासी राष्ट्रांचा त्या तहात उल्लेखही नाही. आणि यॉर्कटाउन जिंकणाऱ्या बहुतेक शिपायांना थकलेल्या पगाराऐवजी कागदी दाखले मिळाले. पोटासाठी ते त्यांनी मिळेल त्या भावात सटोडियांना विकले.